तिकांड्यावरचं पाणी

जोतीरामच्या पायात नारू निघाला तो नेमका संक्रांतीच्या तोंडावर, आणि गव्हाला द्यायचं शनवारच्या रात्रीचं पाणी त्याच्या बायकोच्या, बजाबाईच्या गळ्यात पडलं.

नारू म्हणजे काय साधं दुखणं न्हवं. घोट्याच्या वर फोड आला, फुटला, आणि त्यातनं पांढरा दोरा बाहेर आला. तो काडीला गुंडाळायचा, रोज बोटभर ओढायचा, वर धोत्र्याची पानं शेकून बांधायची. ओढताना तुटला तर पाय मांडीपर्यंत सुजणार. त्यामुळं जोतीराम ओसरीवर पाय लांब करून बसला होता आणि दिसेल त्याच्यावर खेकसत होता. त्याचा तरी काय दोष? चाळीस वर्षांचा उभा गडी, त्याला आठवडा आठवडा भिंतीला टेकून बसायची सवय नव्हती.

घरात दुसरं माणूस नव्हतं. थोरली पोरगी सासरी, धाकटी सात वर्षांची. तेव्हा बजाबाईनं लुगड्याचा काचा घट्ट मारला, नवऱ्याचं घोंगडं डोक्यावर घेतलं, खोरं खांद्यावर टाकलं, आणि दिवस मावळताना ओढ्याच्या बंधाऱ्यावर जाऊन उभी राहिली. वाडीत चर्चा झाली. बाईमाणूस रातीचं पाण्याची दारं धरतंय म्हणून पारावरच्या दोघातिघांनी तंबाखू थुंकली. थुंकू दे. गहू काय त्यांच्या थुंकीवर भिजणार होता?

जेऊर टेसनापासून दोन कोसांवर ही वाडी. जमीन करडी, पाऊस बेभरवशाचा. त्या साली दसऱ्याच्या सुमाराचा हत्तीचा पाऊस आलाच नाही आणि माळावरची ज्वारी कणसात यायच्या आधीच करपली. नुसता कडबा झाला, तोही गुडघाभर. आता जोतीरामच्या घराला जे खायचं ते ओढ्याकाठच्या पट्टीतलं. तिथं तेरा वाफे गहू होता. तो आला तर गहू विकून ज्वारी घ्यायची आणि वरीस काढायचं. नाही आला तर सोलापूरला गिरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं. हे जोतीराम दहा वेळा बोलून दाखवायचा. गिरणीचं नाव निघालं की बजाबाई उठून आत जायची. तिची आतेबहीण गेली होती तशी. परत आली ती खोकत.

बंधाऱ्याचं पाणी रोज वेगवेगळ्या शेताला. शनवारची रात्र दोन घरांची, निम्मी जोतीरामची आणि निम्मी त्याचा चुलतभाऊ महिपती याची. दिवस मावळल्यापासून जोतीरामचं पाणी, आणि तिकांडं डोक्यावर आलं की महिपतीचं, ते थेट उजाडेपर्यंत. तिकांडं म्हणजे आभाळातल्या त्या एका ओळीतल्या तीन चांदण्या. शेंबड्या पोरालाही ओळखू येतात.

बजाबाईनं पहिल्या शनवारी आठ वाफे भिजवले. दुसऱ्या शनवारी सात झाले. तिसऱ्याला पाच. तिला वाटलं, आपला हात चालत नाही. बाईचा हात तो, खोरं मारायला गड्याच्या हातासारखा कसा चालणार? चौथ्या शनवारी ती पाण्यात उतरली ती जिवावर उदार होऊन. माघाची थंडी, पाण्यात पाय बधिर झालेले, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या. एक वाफा भरला की बांध फोडायचा, चिखलाचा लोंदा मारून मागचं तोंड बुजवायचं, पुढचं उघडायचं. कंबर वर करायला उसंत घेतली नाही. भाकरीचं फडकं बांधावर तसंच बांधलेलं. चौथा वाफा भरत आला आणि मागनं आवाज आला.

"वयनी, सोडा पाणी. तिकांडं आलं डोक्यावर."

महिपती खोरं घेऊन उभा. बजाबाईनं मान वर केली. तिन्ही चांदण्या अगदी टाळूवर. खोटं काहीच नव्हतं.

"एवढ्यात?" ती म्हणाली.

"एवढ्यात म्हंजे? वर बघा की. म्या काय चांदण्या ढकलीत आणल्या व्हय?"

त्यानं पाट फोडला. पाणी त्याच्या पट्टीकडं वळलं. बजाबाई बांधावर बसली आणि तिनं फडकं सोडलं. भाकरी हातात घेतली तर ती अजून कोमट होती.

ती कोमट भाकरी हातात धरून बजाबाई बसून राहिली. मध्यानरातीला भाकर कोमट कशी असंल? तिनं पुन्हा वर पाहिलं. वाडीतनं पोरांचा कालवा ऐकू येत होता. कुणाच्या तरी घरात अजून भांडी घासत होते. ही कसली मध्यानरात! आणि मग तिच्या डोक्यात लख्ख पडलं. तिला स्वतःचाच राग आला, की गेले चार शनवार हे आपल्याला कळलं कसं नाही.

त्याचं असं होतं. हे पाणी आधी वाटत होता तिचा सासरा, ज्ञानबा. दोन्ही घरांत थोरला तोच. तो बंधाऱ्यावर घोंगड्यात बसायचा आणि वेळ झाली की ओरडायचा, "फोडा रं!" जोतीराम आणि महिपती दोघंही निमूट पाट फोडायचे. म्हातारा कशावरनं ओरडतो हे कुणी विचारलं नाही. श्रावणात म्हातारा गेला. मार्गशीर्षात गव्हाच्या पाण्याची वेळ आली तेव्हा दोघा भावांचं वाजलं, आणि भांडण चावडीत गेलं. पाटलानं विचारलं, "म्हातारा कशावर वाटायचा?" दोघांनीही म्हाताऱ्याला तिकांड्याकडं मान करून बसलेला पाहिला होता. दोघंही म्हणाले, "तिकांड्यावर." पाटलानं त्या रात्री स्वतः अंगणात जागून बघितलं. तिकांडं डोक्यावर आलं तेव्हा बरोबर निम्मी रात्र झाली होती. "मग ठरलं," पाटील म्हणाला, "तिकांडं डोक्यावर आलं की पाणी फिरवायचं." सगळ्यांना पटलं. मार्गशीर्षात ते खरंच होतं.

पण चांदण्या काय एका जागी खिळा मारून ठेवलेल्या असतात? घरी येऊन बजाबाईनं नवऱ्याला हलवून उठवलं.

"आवं, ऐकताय का? आपलं पाणी चोरीला गेलंय."

जोतीराम दचकून उठला. पाय हलला, नारू ताणला, तो कळवळून ओरडला. "कुनी चोरलं? म्हैप्यानं?"

"त्येनं न्हाय. तिकांड्यानं."

"डोक्यावर पडलीस काय गं?"

"आवं, मार्गशीर्षात मी जात्यावर कवा बसायची? तिकांडं मावळतीकडं कललं की. पुसात तेच तिकांडं मावळायला टेकलं की उठायची. आन आता माघात मी उठती तवा तिकांडं आबाळात नसतंच. कवाच गेलेलं आसतं. आता मी विंचवावर उठती. विंचू उगवतीला कासराभर वर आला की जातं. म्हंजे तिकांडं रोज थोडं थोडं आदी येतंय आन आदी जातंय. तुमी निम्मी रात म्हनून त्येच धरून बसलाय."

जोतीरामनं पायावरचं पान सारखं केलं. त्याला ते कळलं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसलं. पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. तो म्हणाला, "मग आबा कसा वाटायचा?"

"मामंजी जागा बदलायचे आसतील की. तुमी कवा इचारलंत? तुमी नुसतं 'फोडा रं' ऐकून खोरं मारायचात."

"आता चावडीत जाऊन काय सांगू? माझी बायको जात्यावर कवा बसती त्ये? लोक हासतील मला."

"हासू द्या. हासल्यानं पाय आनिक दुखतोय का?"

"न्हाय जायचं," जोतीरामनं तोंड फिरवलं. "पाटलाच्या तोंडनं निघालं ते निघालं. आपुन मान्य केलंय."

बजाबाईला रडू आलं. रडली, आणि रडून झाल्यावर जात्यावर बसली. विंचू वर आलाच होता.

दुसऱ्या दिवशी ती वाफ्यांवरनं फिरली. शेवटच्या पाच वाफ्यांना संक्रांतीपासून पाणीच नव्हतं. तिथला गहू बुडातनं पिवळा पडला होता. तिनं एक लोंबी चोळून पाहिली. दाणा होता, पण पाण्यासारखा, चिमटीत दाबला की पिचकन फुटायचा. दोन-तीन पाळ्या पुरत्या मिळाल्या तर तो भरणार होता. नाही मिळाल्या तर त्याचा भुस्सा.

पाटलाच्या रानात येडू धनगराची मेंढरं बसली होती. वर्षाचे आठ महिने उघड्यावर निजणारा माणूस, त्याला आभाळ आपल्या तळहातासारखं माहीत असणार. बजाबाई त्याच्याकडं गेली.

"येडूदादा, तिकांडं डोक्यावर येतं तवा मध्यानरात आसती का?"

येडू हसला. "कुटल्या म्हैन्यात?"

"आता. माघात."

"आता जेवनयेळ आसती. शिमग्याला तर दिस मावळतानाच त्ये डोक्यावरनं फुडं सरकल्यालं आसतं. चैत सरला की दिसायचंच न्हाय. मिरगाचा पाऊस पडतो तवा मिरगाचं तिकांडं आबाळात नसतं, दिवसाच्या उजेडात बुडल्यालं आसतं. मग आकाडात पहाटंचं डोकावतं, ते बी ढग हटलं तर."

"हे पाटलाला येऊन सांगशील का?"

येडूचं हसू मावळलं. त्यानं काठीनं जमिनीवर रेघ ओढली. "बजाआक्का, माझी मेंढरं पाटलाच्या रानात बसल्यात. पाटलाचं चुकलं म्हनून मी सांगू? मग उद्या मेंढरं कुटं नेऊ?"

बजाबाई माघारी वळली. त्याचंही बरोबर होतं. पण परत येताना तिला फार एकटं वाटलं.

बुधवारी ती कुणाला न विचारता चावडीवर गेली. पायरीशी उभी राहिली, पदर तोंडावर ओढून. वर पाटील, दोन म्हातारे आणि एक पाहुणा बसले होते. तिला अर्धी घटका कुणी विचारलंच नाही. मग पाटील म्हणाला, "कोन? जोतीरामची का? पायाचं कसंय त्येच्या?"

तिनं सगळं सांगितलं. जात्याचं, तिकांड्याचं, विंचवाचं. सांगताना जीभ अडखळली. पाहुणा फिस्सकन हसला. एक म्हातारा म्हणाला, "आता बायका आबाळ वाटाय लागल्या." सगळे हसले. बजाबाईचे कान तापले. तिला वाटलं, तिथनं पळावं.

पाटील मात्र पुरता हसला नाही. तो म्हणाला, "बाई, म्या सोता डोळ्यांनी बघून निवाडा केलाय. बायकांच्या जात्यावर गावाचा निवाडा फिरवला तर उद्या चावडीला इचारतंय कोन?"

"फिरवू नगा," बजाबाई म्हणाली. आवाज कसा फुटला तिलाच कळलं नाही. "शनवारी आमच्या बांधावर जेवायला या फकस्त. दिस मावळल्यावर या, सावकाश जेवा. दुसरं काय मागत न्हाय मी."

पाटलाला जेवणाला नाही म्हणता येईना. पाटील खाण्याचा शौकीन, आणि वाडीत सगळ्यांना ठाऊक की त्याचं जेवण म्हणजे तासभराचा कार्यक्रम.

ही बातमी जोतीरामला कळली तेव्हा तो असा भडकला की काडीला गुंडाळलेला नारूही विसरला. पण पाटलाला जेवायला बोलावलंय म्हटल्यावर घरधन्याला गैरहजर राहता येतंय होय? शनवारी त्याला बैलगाडीत घालून बांधावर नेला, पायाखाली कडब्याची पेंढी ठेवून. बजाबाईनं तीन दगडांची चूल मांडली. दिवस मावळला तसं पाणी आपल्या पट्टीत घेतलं. एका हाताला खोरं, एका हाताला पिठाचा गोळा, अशी तिची धावपळ. वाफा भरायला लावायचा, येऊन भाकरी थापायची, पुन्हा जाऊन तोंड बुजवायचं. हातावरचा चिखल धुऊन धुऊन घागरीतलं पाणी संपलं.

पाटील आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, टेसनातल्या नव्या मास्तरची निंदा झाली, मग हातपाय धुऊन तो पानावर बसला. पिठलं, ठेचा, कांदा, आणि तव्यावरनं उतरलेली भाकरी. बजाबाईचं वर लक्ष होतं. पाटलानं दुसरी भाकरी मोडली. वाफे झाले होते तीन, चौथा भरत होता.

"वयनी, सोडा पाणी. तिकांडं आलं डोक्यावर."

महिपती अंधारातनं पुढं आला आणि पाटलाला बघून थबकला. त्याला जेवणाचं कुणी सांगितलं नव्हतं. "रामराम पाटील," तो म्हणाला.

पाटलाच्या हातात घास तसाच. त्यानं वर पाहिलं. तिकांडं टाळूवर होतं. त्यानं हातातल्या भाकरीकडं पाहिलं. भाकरीतनं वाफ निघत होती. मग तो असा हसला की त्याला ठसका लागला.

"आरं म्हैपती, मध्यानरात झाली म्हनतोस? आन माझी दुसरी भाकर आजून तोंडात न्हाय गेली! आं? ही पोरं आजून गल्लीत खेळत्यात ती मध्यानरातीची का?"

महिपतीचं तोंड उतरलं, पण तोही काही कच्चा नव्हता. "पाटील, मला काय सांगताय? तिकांड्याचं तुमीच ठरीवलं. तुमचा सबूद म्या पाळला. आता जोतीदादाचा पाय दुखतोय म्हनून सबूद फिरवायचा आसंल तर फिरवा."

हे मात्र वर्मी लागलं. पाटील गंभीर झाला. हात धुतला. त्याला खरं काय ते दिसत होतं, पण आपल्या तोंडचा निवाडा सगळ्यांदेखत गिळायचा म्हणजे जड जात होतं.

"गाडीचं धरू या," महिपती म्हणाला. "रातच्या मेलची शिट्टी ऐकू येती हितं. ती वाजली की पाणी फिरवू."

"गाडी रोज येळंवर येती का? एकदा कुर्डुवाडीत आडकली ती उजाडताना आली," जोतीराम बैलगाडीतनं ओरडला. एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदा बायकोच्या बाजूनं बोलला.

"मग मला एक सांगा," पाटील म्हणाला, "तिकांडं हे असं दर साली सरकतं का यंदाच सरकलं? जोतीरामची बायकू म्हनती दर साली. पर तिचा गहू हाय. तिचं एकटीचं मी कसं धरू?"

तेवढ्यात बांधावरनं कंदील हलत आला. महिपतीची बायको कस्तुराबाई. यांचं पाणी इतकं लवकर लागायचं की नवरा न जेवता निघायचा, म्हणून ती भाकरी घेऊन आली होती. मार्गशीर्षातल्या भांडणापासून दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. विहिरीवरसुद्धा एकीनं घागर भरली की दुसरी पुढं व्हायची. माणसं बघून ती पदर ओढून बाजूला उभी राहिली.

पाटील म्हणाला, "पोरी, हिकडं ये. भिऊ नगंस. तू पहाटं जात्यावर बसतीस ती कशावर उटतीस?"

महिपती लगेच बोलला, "कोंबड्यावर उठती ती."

"तुला न्हाय इचारलं."

कस्तुराबाई हुशार बाई. चुलीकडं पाहिलं, पाटाकडं पाहिलं, जावेच्या चिखलानं भरलेल्या पोटऱ्यांकडं पाहिलं, आणि इथं काय चाललंय ते तिला न सांगता कळलं. नवऱ्याचे डोळे तिच्यावर रोखलेले.  बजाबाईच्या मनात आलं, ही कशाला सांगंल खरं? मी असते तर सांगितलं असतं का?

"ह्या म्हैन्यात विंचवावर," कस्तुराबाई म्हणाली.

"आन मार्गशीर्षात?"

"मार्गशीर्षात तिकांडं कललं की."

"मग आता का न्हाय तिकांड्यावर उठत?"

"आता तिकांडं तितं कललं म्हनून उटले तर चूलच इझल्याली नसंल, पाटील. जेवनाची भांडी घासता घासता दळाय बसावं लागंल." तिला स्वतःलाच हसू आलं आणि तिनं ते पदराखाली दाबलं. "दर साली आसंच आसतं. बायकास्नी इचारा कुनाला बी. सासरी आले तवापासनं मी ह्याच चांदण्यावर उटतीया. चुकलं तर सासू काय म्हनायची त्ये इचारू नगा."

 कस्तुराबाईनं भाकरीचं फडकं महिपतीच्या हातात दिलं, कंदील उचलला आणि आली तशी गेली. जावेकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

पाटलानं तंबाखू मळली, मळतच राहिला. मग म्हणाला, "म्या बघितलं ती रात खरी व्हती. पर एकाच रातीवर म्या साऱ्या हंगामाचा निवाडा केला. चुकलं माझं. जोतीरामची, तूच सांग आता. निम्मी रात कशावर?"

बजाबाईनं मावळतीकडच्या लिंबाकडं हात केला. "बंधाऱ्याच्या सांडव्यावर हुबं ऱ्हायचं. ह्या पंधरवड्यात तिकांडं त्या लिंबाच्या शेंड्यावर आलं की मध्यानरात. फुडल्या म्हैन्यात मावळाय टेकलं की. चैतात विंचू पुरा भाईर निघाला की. कस्तुराला इचारा, तिचं माझं एक झालं तरच धरा."

"एक हुईल," पाटील म्हणाला. "म्हैपती, काय?"

"काय म्हंजे?" महिपती कुरकुरला. "समद्या गावानं ठरीवल्यावर मी काय म्हननार?"

त्या रात्री तिकांडं लिंबाच्या शेंड्यावर येईपर्यंत बजाबाईनं अकरा वाफे भिजवले. ओढ्याचं पाणी बारीक झालेलं, मार्गशीर्षासारखं तेरा काही झाले नाहीत. शेवटचे दोन राहिले ते राहिलेच. तिनं वाटणी झाल्याबरोबर पाणी सोडलं आणि नवऱ्याची गाडी हाकत घरी आली. जोतीराम वाटेत एवढंच म्हणाला, "ठेचा चांगला झालता." त्याच्या तोंडनं हे म्हणजे फार झालं.

पुढचा आठवडा ऊन पडलं. शेवटच्या दोन वाफ्यांतली माती भेगाळली. पिवळेपणा बुडातनं निम्म्या ताटापर्यंत चढला. अजून एक पाणी त्यांना मिळालं तर ते वाचणार होते, आणि त्या दोन वाफ्यांतला गहू म्हणजे त्या घराची दोन महिन्यांची भाकरी होती. बजाबाई रोज जाऊन बघून यायची. बघून काही होत नव्हतं, तरी जायची.

शनवारी दुपारपासून आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसते ढग, काळे आणि खाली आलेले. दिवस मावळला तेव्हा बंधाऱ्यावर लांबचं काही दिसेना. तिनं पाणी घेतलं. पाय बधिर झाले, खोरं चालत राहिलं. मान वर केली की ढग. तिकांडं नाही, लिंब नाही, काही नाही. पाच वाफे झाले, सात झाले. नववा भरताना तिच्या मनात आलं, आज कोण बघतंय? आभाळच झाकलंय. तेरा वाफे उरकावे आणि मग म्हणावं, आता झाली मध्यानरात. कुणाच्या बापाला कळणार होतं? तिनं तसं मनाशी ठरवलंसुद्धा.

दहावा झाला. अकराव्याला पाणी लागलं तेव्हा तिला महिपती दिसला. सांडव्यावर घोंगडं पांघरून बसलेला. केव्हा आला तिला कळलं नव्हतं. हाक मारली नव्हती, पाट फोडला नव्हता. नुसता बसून होता, ती सांगेल तेव्हा उठायचं म्हणून.

अकरावा भरला. गेल्या शनवारी तिकांडं लिंबावर होतं तेव्हा अकरावाच भरला होता. बारावा आणि तेरावा समोर होते.  हा माणूस ओरडला असता, भांडला असता, तर तिनं खुशाल खोटं सांगितलं असतं. पण तो गप्प बसला होता आणि तिची वाट बघत होता.

"भावजी," ती म्हणाली, "घ्या पानी. झाली मध्यानरात."

महिपती हलला नाही. "कशावरनं? तुमाला काय दिसतंय वर?"

"काय न्हाय दिसत. गेल्या टायमाला अकरा वाफं झालते. आज बी अकरा झाले."

"तेला काय अर्थ हाय?" महिपती म्हणाला. "वाफ्यावर कुटं ठरलं व्हतं? चांदण्यावर ठरलंय. तिकांडं लिंबावर दिसल्याबिगर मी मानत न्हाय."

"आवं, ढग हायती!"

"हायती तर हायती. आजून व्हायचीय मध्यानरात. मला लबाडी चालत न्हाय." त्यानं कनवटीतनं चिलीम काढली, अंधारात चाचपून भरली, चकमक झाडली. "आन तसं बी मला घाई न्हाय. तुमच्या जावंनं आठ दिस झालं माझ्याशी सबूद काढला न्हाय. भाकर पुढं आपटती आन निघून जाती. घरी जाऊन तरी काय करू?"

 बजाबाईनं बाराव्याचा बांध फोडला.  भेगाळलेल्या मातीत पाणी शिरलं तसा सुस्कारल्यासारखा आवाज झाला. बारावा पाणी पितच राहिला, भरायचं नाव घेईना. तिनं मागं वळून पाहिलं. महिपती चिलीम ओढत होता. चिलमीतला निखारा कधीच विझला होता, तरी तो तोंडाला लावून बसला होता.

तेरावा लागला. बजाबाई गुडघाभर चिखलात उभी राहून लोंदे मारत होती. डोळ्यांतनं पाणी येत होतं, ते पुसायला हात मोकळे नव्हते. ढग जराही हलले नव्हते.

"वयनी," सांडव्यावरनं आवाज आला, "तेराव्याचं तोंड बुजीवलं का?"

"बुजीवलं, भावजी."

महिपतीनं चिलीम दगडावर झाडली, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि खोरं उचललं.

"मग आता झाली मध्यानरात," तो म्हणाला, आणि पाट फोडायला खाली उतरला.